अपेक्षेचा दुसरा रकाना

समाजाच्या कामाला नाही म्हणायची सोय नसते, ही माझी कायमची तक्रार आहे. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी बुऱ्हाणपुरात, लालबागमधल्या घरी बसून करतो. त्यामुळे लोकांचा पक्का समज झालाय की अनंता घरी असतो म्हणजे रिकामाच असतो. यंदा समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका 'कॉम्प्युटरवर' करायचं ठरलं, तेव्हा समितीचे अध्यक्ष लीलाधरकाका सरळ माझ्याकडे आले, चहा प्यायले आणि ते काम माझ्या गळ्यात मारून गेले. काकांचं कापडाचं दुकान आहे. समोरच्याच्या हातात वस्तू कधी ठेवली ते त्याला कळू न देण्यात त्यांचा हातखंडा आहे.

काम तसं सोपं होतं. आजवर बायोडाटे कागदावर यायचे आणि समितीतली मंडळी ते टाइप करून घ्यायची. यंदा नावनोंदणीसाठी एक ॲप करून घेतलं होतं. त्या ॲपच्या वेब सर्व्हिसला विचारलं की ती सगळ्या मुलामुलींची माहिती एका लांबलचक उत्तरात पाठवून देते. ते उत्तर आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं आणि त्यातली कोणती गोष्ट पुस्तिकेच्या कोणत्या रकान्यात जाणार ते जोडायचं. डावीकडे आलेलं उत्तर, उजवीकडे आउटपुटचे रिकामे रकाने, आणि मधे रेघा ओढायच्या. याला मॅपिंग म्हणतात. नोकरीत मी वर्षानुवर्षं हेच करतोय, आणि ते काय असतं हे माझ्या सासऱ्यांना अजून समजलेलं नाही.

पण खरं सांगायचं तर हे काम मी काकांसाठी घेतलं नव्हतं. गिरधरसाठी घेतलं होतं. गिरधर हा माझा चुलतभाऊ, दापोऱ्याला केळीची शेती करतो. चौतिशी आली. देखणा नाही, पण चारचौघांत शोभेल असा आहे, व्यसन नाही, विहिरीला पाणी आहे. दोष एकच, की तो शेतकरी आहे. दरवर्षी पुस्तिकेत त्याचा फोटो छापून येतो आणि दरवर्षी कुणीही विचारत नाही. मुलींच्या अपेक्षांमध्ये एकच वाक्य असतं: शेती असावी, पण मुलगा शेती करणारा नसावा. म्हणजे बाग हवी, माळी नको. मला या वाक्याचा मनस्वी राग येतो.

दिवाळीत मी दापोऱ्याला गेलो होतो, तेव्हा मालूकाकू, म्हणजे गिरधरची आई, म्हणाली होती, "अनंता, यंदा शेवटचं नाव देऊ राहिले. नाही जमलं तर पुढल्या साली मी त्याले नाही सांगनार. पोरगा काही बोलत नाही, पन त्याच्या मनाले लागते." गिरधर तिथेच बसून जेवत होता. त्यानं मान वर केली नाही.

तर मी रेघा ओढल्या, सॉफ्टवेअर चालवलं आणि पहिली प्रत पडद्यावर आली. मुलींच्या पानांवरचा 'अपेक्षा' हा रकाना वाचून माझं डोकंच फिरलं. नोकरीवाला, शहरात राहणारा, स्वतःचं घर. नोकरीवाला, शहरात राहणारा, स्वतःचं घर. इतक्या साऱ्या मुली, आणि सगळ्यांना एकच नवरा हवा? मला आधी वाटलं, मीच काहीतरी घोळ घातलाय, एकाच मुलीचं उत्तर सगळीकडे उमटतंय. म्हणून वेब सर्व्हिसचं मूळ उत्तर उघडून वाचायला बसलो.

घोळ होताच, पण वेगळा. ॲपमध्ये पहिलं पान पालकांनी भरायचं होतं. दुसरं पान मुलानं किंवा मुलीनं स्वतः भरायचं होतं, आणि त्याची लिंक थेट त्यांच्याच मोबाइलवर जात होती. दोन्ही पानांवर 'अपेक्षा' नावाचा चौकोन होता. उत्तरात तो दोनदा येत होता, एकदा 'पालक' या गटात, एकदा 'उमेदवार' या गटात. पुस्तिकेत मात्र रकाना एकच. एकसारखं नाव दिसलं की सॉफ्टवेअर आपणहून रेघ ओढतं, आणि त्यानं पहिली सापडलेली अपेक्षा उचलली होती, आईबापांची. या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. उजवीकडचा रकाना रिकामा राहिला तर ते लाल करून दाखवतं. डावीकडे एखादं उत्तर तसंच पडून राहिलं, तर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मग मी मुलींनी लिहिलेलं वाचलं. एकीनं लिहिलं होतं, "शाळेतली नोकरी सोडणार नाही, हे आधीच सांगते." एकीनं, "सासू चालेल, पण तिलाही मी चालायला हवी." एकीला कमी बोलणारा हवा होता, कारण घरात सगळेच बोलतात. वाचता वाचता मी एकटाच हसत होतो. आणि मग लीलाधरकाकांच्या मुलीचं, वंदनाचं पान आलं.

वंदनाला मी लहानपणापासून ओळखतो. केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार करणाऱ्या एका लॅबमध्ये ती काम करते. काकांनी लिहिलं होतं, "पुणे किंवा इंदूर, मोठ्या कंपनीत नोकरी, स्वतःचा फ्लॅट." वंदनानं लिहिलं होतं, "शेतकरी चालेल असं नाही, शेतकरीच हवा. मी दिवसभर रोपं वाढवते आणि ती दुसऱ्यांच्या शेतात जातात. माझ्या हातानं लावलेली बाग कापणीला आलेली मला बघायची आहे."

मी खुर्चीतून उठलोच. स्वयंपाकघरात मंगला, म्हणजे माझी बायको, भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आत्ता गिरधरला फोन लावतो."

"लावू नका," ती म्हणाली. "तिनं ते तुम्हाला लिहिलेलं नाही."

"मग कुणाला लिहिलंय?"

"पुस्तिकेत छापायला लिहिलंय ना? मग छापा. सगळे वाचतील तेव्हा गिरधरभाऊजीही वाचतील."

मंगलाचं असं असतं. माझा पारा चढला की तिचा आवाज खाली येतो. मी चडफडत परत येऊन बसलो आणि गिरधरचं पान उघडलं. काकूच्या चौकोनात होतं, "मुलगी कशीही चालेल." गिरधरचा चौकोन रिकामा होता. मला फार वाईट वाटलं.

रविवारी समितीची बैठक झाली. मी दोन्ही अपेक्षांचं सांगितलं आणि दोन रकाने करू म्हटलं. लीलाधरकाका म्हणाले, "पानावर जागा कुठे आहे? रकाना एकच राहील. आईबापांनी लिहिलंय ते छाप."

"काका, मुलांच्या चौकोनाखाली ॲपनं लिहिलंय, हे पुस्तिकेत छापले जाईल म्हणून. शब्द दिलाय आपण."

थोडी कुजबुज झाली. काका व्यापारी माणूस, दिलेला शब्द त्यांना मोडवत नाही. ते म्हणाले, "ठीक आहे. ज्यांनी स्वतः लिहिलंय त्यांचं ते छाप. ज्यांनी नाही लिहिलं, त्यांचं आईबापांचं."

"एकदा वाचून तर बघा," मी म्हटलं.

"माझ्या घरचं मला माहीत आहे रे," काका हसले. "वंदनानं माझ्याच मनातलं लिहिलं असणार."

ते सांगायचं तर वंदनानं सांगायचं होतं, मी नाही.

घरी येऊन मी नवा नियम बसवला. उमेदवाराचं उत्तर असेल तर ते, नसेल तर पालकांचं. आणि तेव्हा ध्यानात आलं की या नियमानं गिरधरच्या फोटोखाली काय छापून येणार. जिला शेतकरीच हवा, ती मुलगी पुस्तिका उघडणार आणि वाचणार, 'मुलगी कशीही चालेल'. वंदना 'कशीही' मुलगी नव्हती. असं वाचून कुठलीही शहाणी मुलगी पान उलटेल.

ज्यांचे ज्यांचे चौकोन रिकामे होते त्या सगळ्यांना मी मेसेज पाठवला, मुदत छपाईपर्यंत. त्यावर कोणाला आक्षेप घेता आला नसता. बऱ्याच जणांनी भरलं. गिरधरनं नाही. शेवटी मी फोन केला.

"दादा, सबकुछ आईनं लिहिलं ना," तो म्हणाला. "अब मी काय लिहू? इथं गाडी लागली आहे, घड भरू राहिलो."

"ते तिचं झालं. तुझं काय?"

"माझं काय यार. दरसाल फोटो छापून येते. कोणी वाचते तरी काय?"

वंदनाची ओळ अगदी माझ्या जिभेवर आली होती. एक शब्द बोललो असतो तर पोराच्या आवाजात जीव आला असता. पण मग त्यानं तिला आवडेल ते लिहिलं असतं, आणि ते त्याचं उत्तर नसतं. मी एवढंच विचारलं, "तुला कशीही चालेल का रे?"

"मतलब?"

"काकूनं तसं लिहिलंय. तू काही लिहिलं नाहीस तर तेच छापून येईल."

त्यानं कुणाला तरी ट्रकचं इंजिन बंद करायला सांगितलं. मग तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

छपाईला द्यायच्या दिवशी सकाळी मी वेब सर्व्हिसला शेवटचं विचारलं. उत्तर आलं, आणि गिरधरचा चौकोन भरलेला होता. "मी दापोऱ्यातच राहणार. शेती नाइलाजानं करत नाही, मला आवडते. कोणी मन मारून इथं यावं असं मला वाटत नाही. त्यापेक्षा मी एकटा बरा." मी ते दोनदा वाचलं. रेघ बरोबर जागी आहे ना, ते तीनदा पाहिलं.

परिचय संमेलनाच्या दिवशी पुस्तिका वाटली गेली. लीलाधरकाका ती हातात घेऊन मंडपाच्या कडेच्या खुर्चीवर बसले आणि बराच वेळ एकाच पानावर होते. मी लांबूनच पाहिलं. जवळ जायचा धीर झाला नाही. सत्काराला बोलावलं तेव्हा ते उठले, शाल घेतली, हात जोडले आणि पुन्हा तिथेच जाऊन बसले. माझ्याशी बोलले नाहीत. तो आठवडा मला फार जड गेला.

पुढच्या रविवारी मी काकूसाठी पुस्तिकेची प्रत घेऊन दापोऱ्याला गेलो. काकू ओसरीवर तूर निवडत होती. गिरधर नुकताच शेतातून येऊन पाय धूत होता, तेवढ्यात कट्ट्यावरचा त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. त्यानं ओल्या हातानंच उचलला, "हां, बोला," म्हणाला, आणि मग नुसता ऐकत उभा राहिला.

"कोन आहे?" काकूनं विचारलं. "पुस्तिका पाहून केला काय? मुलीचा बाप काय म्हन्ते?"

गिरधरनं फोनवर हात ठेवला.

"बाप नाही, आई. मुलगीच आहे. लालबागची वंदना. म्हणते, बाबा बाजूलाच बसले आहेत, त्यांना सांगूनच फोन केला."

काकूनं तुरीचं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"मंग तिच्यासंग बोल ना रे," ती म्हणाली. "माह्याशी काय बोलू राहिला."