हळू बोललेलं ऐकू येईल असा फोन

"आक्का, मी बरी हाय. आधी लेकरू घे."

दगडांखालून आलेला नीलाचा आवाज होता हा. त्याला सोळा वर्षं झाली. गणपती बोळवून गाव निजलं होतं, आणि उजाडायच्या आत भूकंपानं बोरपळसची सगळी घरं खाली बसवली. तुळजाबाईचा नवरा जागीच गेला. तिची धाकटी बहीण नीला सणाला म्हणून आलेली. तुळजाबाईच्या आठ महिन्यांच्या शिल्पाला कुशीत घेऊन ती आतल्या खोलीत निजली होती. ढिगाऱ्यात हातभर फट राहिली होती. त्या फटीतून नीलानं लेकरू वर दिलं. आवाज असा, जसा जात्यावर दळताना असायचा. ना चढ, ना उतार.

"मी बरी हाय," ती परत म्हणाली. "तिकडं कोण वरडून राहिलंय, तिकडं जा."

लोक ओरडणाऱ्यांकडं धावले. लेकरू पदरात बांधून तुळजाबाईही धावली. दुपारी माघारी आली तेव्हा फट तशीच होती. आवाज नव्हता.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. जिला त्या फटीतून वर घेतलं त्या शिल्पालाही नाही. पण तेव्हापासून कुणी 'बरी हाय' म्हणालं की तुळजाबाईच्या पाठीतून गार पाण्याची धार जायची.

आणि आता शिल्पा दर रविवारी तेच म्हणत होती.

पोरगी लातूरला होती. बारावीचं वर्ष, डॉक्टरकीचे क्लास, डाळमिलच्या मागच्या गल्लीतलं मुलींचं वसतिगृह. रविवारी चार वाजता तिचा फोन यायचा तो अण्णारावांच्या मोबाईलवर. अण्णाराव म्हणजे तुळजाबाईचे थोरले दीर. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या बोरपळसला रेंज एकाच जागी यायची, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर, आणि त्या ओट्यावर दिवसभर दहा-बारा माणसं बसलेली असायची. अण्णाराव फोन मांडीवर ठेवायचे आणि आवाज मोठा करायचे.

"बोल पोरी. चाचणीत किती पडले?"

"बरे पडले, काका."

"न्हाई जमत तर तसं सांग. उदगीरचं स्थळ अजून थांबून हाय."

"जमतंय, काका."

"ही घे, तुझी माय उभी हाय इथं. बोल."

"आई, मी बरी हाय."

तुळजाबाई ओट्याखाली उभी असायची. वर चढायची बायांची रीत नव्हती. ती मान वर करून "जेवलीस का?" एवढंच विचारायची. उत्तर सगळा ओटा ऐकायचा.

गेल्या महिन्यात ती एसटीनं लातूरला जाऊनही आली. वसतिगृहाच्या पडवीत आठ-दहा आईबाप डबे उघडून बसलेले. त्यांच्यामध्ये बसून शिल्पा हसली आणि तेच म्हणाली. हसू लावता येतं तोंडाला. पण त्यानंतरच्या एका रविवारी ओट्याखाली उभी राहून ऐकताना तुळजाबाईनं डोळे मिटले, आणि तिला आवाज नीट दिसला. ना चढ, ना उतार.

त्याच संध्याकाळी ती अण्णारावांना म्हणाली, "भावजी, मी माझा फोन घेऊन राहिले."

ओट्यावरचा लिंबाजी हसला. "रेंज हितंच येती वैनी. फोन घेतला तरी यावं हितंच लागंल."

"हितं न्हाई येणार. माझ्या घरात येईल असा घेईन."

"असं काय बोलायचं हाय मायलेकीला," अण्णाराव म्हणाले, "जे चार माणसांपुढं बोलता येत न्हाई?"

"आमचं बोलणं म्हणजे काय ग्रामसभेचा ठराव हाय का भावजी, सगळ्यांपुढं वाचून दाखवायला?"

सोळा वर्षांत तुळजाबाई या ओट्यापुढं इतकं लांब वाक्य बोलली नव्हती.

सोमवारी ती औशाला गेली. बसस्थानकासमोर रियाजचं दुकान. बाप घड्याळं दुरुस्त करायचा, पोरानं त्याच टेबलावर मोबाईल मांडले. रियाजनं काचेतून एक चकचकीत फोन काढला.

"हा घ्या मावशी. रंगीत पडदा, कॅमेरा, गाणी. आत्ता सगळे हाच नेऊन राहिले."

"रेंज?"

"एकदम फस्टक्लास. बघा ना, चारी दांड्या भरल्यात."

"तुझ्या दुकानावरच टावर हाय, बाबा. हितं तर माझ्या चपलेलाबी रेंज यील. बोरपळसला दाखव."

रियाज हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. "मावशी, फोन असा गावोगाव नेऊन दाखवायची पद्धत न्हाई."

"आडतीत माझं सोयाबीन येतं, तेव्हा पोत्यात नळी खुपसून आतला दाणा काढतात, दाताखाली चावून बघतात, मग भाव बोलतात. मी कधी म्हणले का, तशी पद्धत न्हाई म्हणून?" तिनं चकचकीत फोन त्याच्याकडं सरकवला. "तुझं पोतं तेवढं मी तोंड बांधूनच न्यायचं होय?"

आतल्या पडद्यामागून रियाजची बायको गौसिया खळखळून हसली. "जाव ना जी," ती म्हणाली. "बरोबर बोलून राहिल्यात मावशी."

रविवारी दुपारी रियाज मोटारसायकलवर बोरपळसला आला. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत तीन फोन. ओट्यावरून आवाज आला, "काय रियाजभाई, आता फोनबी चाखून द्यायला लागले का?"

"हाव ना चाचा," रियाज म्हणाला. "मावशीनं नवा कायदा काढलाय."

ओटा अख्खाच्या अख्खा मागोमाग आला. अण्णाराव सगळ्यांत मागून, हात पाठीशी बांधून.

तुळजाबाईच्या जागेवर दोन घरं होती. एक सरकारनं भूकंपानंतर बांधून दिलेलं, सिमेंटचं, वर जाड छत. दुसरं त्याच्या शेजारी तिनं स्वतः उभं केलेलं, चारी बाजूंनी आणि वरून पत्र्याचं. सिमेंटच्या घरात सोयाबीनची पोती राहायची. तुळजाबाई पत्र्यात राहायची. पत्रा उन्हात तापायचा, पावसात कान फोडायचा, पण अंगावर पडला तर माणूस मरत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. गावात अशी कितीतरी घरं होती, रिकाम्या छताशेजारी माणसांनी भरलेला पत्रा. त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारत नसे. सिमेंटच्या घरात तुळजाबाई गेली तरी पोतं टेकवायला, आणि तेही उंबऱ्यात एक पाय ठेवून.

रियाजनं दुकानात फोन लावला. गौसियानं उचलला.

"हळू बोल म्हणावं तिला," तुळजाबाई म्हणाली.

"कशाला मावशी? मोठ्यानं बोलली तर नीट कळंल ना."

"वरडलेलं कुणालाबी ऐकू येतं, रियाज. मला हळू बोललेलं ऐकू येईल असा पाहिजे."

चकचकीत फोन अंगणातच मुका झाला. लिंबाजीनं टाळी वाजवली. दुसऱ्यात आवाज आला, पण चाळणीतून पडल्यासारखा. गौसिया काहीतरी डाळीबद्दल सांगत होती, त्यातलं मीठ तेवढं पोचलं.

तिसरा फोन काढताना रियाज जरा लाजला. जुना, वापरलेला, राखाडी. आकडे झिजलेले, डोक्यावर बोटाच्या पेराएवढा एरियल. "हा दाखवायला नव्हता आणायचा. कुणी घेत न्हाई आता. पण ह्याची ओढ चांगली हाय."

अंगणात त्यावर दोन दांड्या आल्या. तुळजाबाईनं कानाला लावला.

"मावशी," गौसिया अगदी हळू म्हणाली, "ऐकू येतंय का? मी तोंडावर ओढणी धरून बोलून राहिले."

"येतंय गं. ओढणीबी ऐकू येतीय."

अंगणाला भिंत नव्हती. चहूबाजूंनी माणसं कान देऊन उभी. तुळजाबाई फोन घेऊन पत्र्यात शिरली. आत पाऊल पडलं आणि गौसियाचा आवाज विझला. ती कोपऱ्यात गेली, चुलीपाशी गेली, खाटेवर चढून उभी राहिली. काही नाही.

"पत्रा खातो मावशी," रियाज दारातून म्हणाला. "पत्र्यात कुठलाच फोन चालणार न्हाई. कितीबी भारी घेतला तरी." मग त्यानं सहज हात केला. "त्या घरात बघू ना. खिडकी हाय तिथं. सिमेंटातून येती थोडी."

लिंबाजी मान वळवून दुसरीकडं बघायला लागला. रियाजला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो.

अण्णाराव पुढं आले. या खेपेला त्यांचा आवाज हसरा नव्हता. "तुळजाबाई, जाऊ द्या. ओटा काय वाईट हाय? मी आवाज बारीक ठेवीन. वाटलं तर उठून बाजूला बसंन."

ते खरंच म्हणत होते. त्यांचीही दोन लेकरं त्या पहाटे गेली होती, आणि तेही पत्र्यातच निजत. तुळजाबाईला ते ठाऊक होतं, म्हणून ती रागानं बोलली नाही.

"तुम्ही बाजूला बसाल भावजी. पोरीला ते कसं दिसंल?"

ती सिमेंटच्या घराच्या उंबऱ्यावर आली. एक पाय आत ठेवला. तो सवयीचा होता. दुसरा नव्हता. वर बघायचं नाही, असं ठरवूनही तिनं वर बघितलं. छत होतं तिथंच होतं, सोळा वर्षांचं, कोळ्याच्या जाळ्यांचं. तिच्या घशात नीलाची ओवी आली. दोघी बहिणी जात्याला समोरासमोर बसायच्या तेव्हाची, नीलानं स्वतः जुळवलेली.

लांबच्या गं लेकी, तुझा साद कसा येतो,
वाऱ्याच्या पदराला माझा जीव गाठ देतो.

ओठांतल्या ओठांत ती म्हणत तुळजाबाईनं दुसरा पाय आत घेतला. पोत्यांच्या मधून वाट काढत खिडकीपर्यंत गेली. तिथल्या पोत्यावर बसली. छताखाली, बसली.

दोन दांड्या. मग तीन.

"मावशी?" गौसिया म्हणाली. "हायत का तुम्ही?"

"हाव," तुळजाबाई म्हणाली. "हितंच हाय."

बाहेर येऊन तिनं रियाजला सांगितलं, "हाच दे. झिजलेला." आणि ओट्याच्या माणसांकडं बघून, "आता बघणं झालं असंल तर जावा. चार वाजायला आलेत. माझ्या लेकीचा फोन हाय."

लिंबाजीला काहीतरी सुचलं होतं, पण अण्णारावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वळवला. जाताना त्यांनी स्वतःचा मोबाईल तुळजाबाईपुढं धरला, शिल्पाच्या खोलीतल्या बुशराचा नंबर उतरून घ्यायला. त्याच फोनवरून शिल्पा बोलायची.

तुळजाबाई पुन्हा आत गेली. दार लावून घेतलं. छताखाली दार लावून घ्यायचं म्हणजे काय, हे तिच्या हाताला कडी सरकवताना कळलं. रियाजनं दाखवली होती तशी बटणं दाबली.

"हॅलो? कोण?"

"मी. तुझी माय."

"आई? कुणाच्या फोनवरून? काका हायत का तिथं?"

"कुणी न्हाई. माझा फोन हाय. मी सिमेंटच्या घरात बसलेय, दार लावून."

पलीकडं खोलीचं दार उघडल्याचा, मग जिना चढल्याचा आवाज आला. मग वारा. पोरगी गच्चीवर गेली होती.

"तू आत बसलीयस?"

"हाव."

"आई, मी बरी हाय," शिल्पा म्हणाली. सवयीनं. तसंच, ना चढ, ना उतार.

तुळजाबाईनं खिडकीचा गज धरला.

"थांब. आधी मी सांगते, मग तू बोल. तुला नीलामावशी दगडाखाली गेली एवढंच ठाऊक हाय. तुला फटीतून वर कुणी दिलं, ते मी सांगितलं न्हाई. तिनं दिलं. आणि म्हणाली, आक्का, मी बरी हाय. मी ते खरं धरलं. ती वरडली न्हाई, म्हणून मी वरडणाऱ्याकडं गेले. दुपारी आले तर ती नव्हती. ह्यात तुझी चूक न्हाई, तिचीबी न्हाई. माझी हाय. मी एकदा 'बरी हाय' ऐकून माघारी फिरले. आता फिरणार न्हाई. तू दहा रविवार म्हणलीस तरी न्हाई. मी हितंच बसते. तू वरडू नको. हळू बोललीस तरी मला ऐकू येतंय."

फोनमध्ये नुसता वारा वाहत राहिला. लातूरच्या गच्चीवरचा. कुठंतरी रिक्षाचा भोंगा. तुळजाबाईनं पडदा बघितला नाही, दांड्या मोजल्या नाहीत. वारा येतोय म्हणजे पोरगी हाय.

मग आवाज आला. हळू, तुटका, पण आता त्यात चढ होता आणि उतार होता.

"आई, मी बरी न्हाई. दिवाळीपासून मला सगळ्यात मागच्या तुकडीत टाकलंय. काकाला खोटे मार्क सांगितले. पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती हलतात. डबा मी बुशराला देते, मला जात न्हाई. कधी कधी ह्या गच्चीच्या कठड्यापाशी येऊन उभी राहते, आणि मलाच माझं भ्या वाटतं. पण मला घरी यायचं न्हाई आई, उदगीरला तर न्हाईच. तू ये. न्यायला येऊ नको. माझ्यापाशी बसायला ये."