वीस वॅट आणि मधली भिंत

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, वीस वॅटचा, आणि तुमच्यावर माझा राग आहे. ‘मित्रांनो’ म्हणायचा रिवाज आहे म्हणून म्हणतो. मैत्री वगैरे काही नाही. तुमच्यातल्या निम्म्यांनी माझ्या जातभाईंच्या डोक्यावर चहाचे कप ठेवले आहेत, आणि उरलेल्यांनी “वॅट किती?” एवढंच विचारून त्यांना फडताळात परत ढकललं आहे. तेव्हा आता मुकाट्याने ऐका.

माझा जन्म जपानातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या तारांना डाग देणारी बाई इतकी कडक होती की शिसं तिच्या नजरेनेच वितळायचं. हातातली सळई नुसती शोभेला. तिथून हिंडत हिंडत मी अ‍ॅडलेडच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात येऊन पडलो. शेजारी दीडशे वॅटचा एक धटिंगण होता. तोंडावर निळे दिवे आणि हलते काटे. गिऱ्हाईक आलं की छाती काढायचा. मी त्याला एकदाही उत्तर दिलं नाही. मनात मात्र पुष्कळ दिली.

एक दिवस कालिओपी आली. कूबर पीडीच्या, ओपल रत्नं काढणाऱ्या खाणवाल्याची बायको, साठीला टेकलेली, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी गाण्याचं यंत्र घ्यायला निघालेली. तीस वर्षं टेकडी कोरून केलेल्या त्यांच्या घरात नवऱ्याने आणलं ते सगळं खाणीचं. जेवणाच्या टेबलाखालीसुद्धा सुरुंगाच्या वाती. आता तिने एक कोपरा मागून घेतला होता आणि नवऱ्याला बजावलं होतं, की हा कोपरा बिघडवलास तर मी बहिणीकडे अ‍ॅडलेडला जाईन ती परत येणार नाही.

दुकानाची मालकीण मिस प्रिचर्ड खडूस होती, पण आपल्या धंद्यात पक्की. आधी स्पीकर निवडा, म्हणाली, मग त्याला झेपेल असा अ‍ॅम्प्लिफायर. खोली केवढी, बसणार किती लांब, बाहेर गोंगाट किती, सगळं खोदून विचारलं. कालिओपी म्हणाली, खोली दगडात कोरलेली, खुर्ची सहा फुटांवर, आणि शांतता अशी की पापण्या मिटल्याचं ऐकू येतं. मिस प्रिचर्डने पावाच्या लादीएवढे दोन स्पीकर काढले आणि मला उचलून वर ठेवलं. म्हणाली, वीस वॅट म्हणजे तुम्हाला पुरून उरतील, बाई.

घरी नवरा, लेफ्तेरी, वाट बघत होता. या माणसाला जगात दोनच गोष्टी कळायच्या, सुरुंग आणि दुश्मनी. दुश्मनी शेजारच्या दूशानशी. अकरा वर्षांपूर्वी खाणीच्या हद्दीची एक खुंटी वीतभर सरकली. कुणी सरकवली, ते खुंटीलाच ठाऊक. तेव्हापासून दोन घरांमधल्या भिंतीला दोन्हीकडून शिव्या खाव्या लागत, आणि पुरुषांपायी कालिओपीचं आणि दूशानची बायको मिलेना हिचंही बोलणं तुटलं होतं.

लेफ्तेरीने मला उलटा करून बघितलं.

“वीस? आपल्या फ्रिजातला दिवा याहून जास्त खातो.”

“मला गाणं ऐकायचंय, लेफ्तेरी. डोंगर फोडायचा नाहीये.”

“सुरुंगात दारू कमी भरली तर दुसऱ्यांदा जावं लागतं. जास्त भरली की एकदाच काम.”

असा तो शहाणा. पुढल्याच आठवड्यात जाऊन त्या धटिंगणाला घेऊन आला आणि मला फ्रिजवर बसवलं, पावाच्या डब्याशेजारी. मित्रांनो, तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. नाही म्हणू नका.

रविवारी दुपारी कालिओपी चर्चमध्ये गेली होती तेव्हा त्याने डाव साधला. दोन्ही स्पीकरांची तोंडं भिंतीकडे फिरवली. हो, भिंतीकडे. मग बटण शेवटपर्यंत पिळलं. माझा शब्द खोटा नाही: गावातले दिवे मंदावले, कुत्र्यांचे दात वाजू लागले आणि पाद्र्याची दाढी एका बाजूला वळली ती अजून तशीच आहे. पलीकडून दूशानने दगड फोडायचं यंत्र भिंतीला लावून उत्तर दिलं. दोघं मधल्या दगडावर तुटून पडले.

आधी स्पीकर जळले. बिचारे लहान जीव, दीडशे वॅट त्यांच्या नरड्यात ओतले तर काय होणार? मग भिंत गेली. दरवाजाएवढं भगदाड पडलं. धूळ खाली बसली तेव्हा लेफ्तेरी इकडे, दूशान तिकडे, दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. आणि दूशानच्या पायाशी, पुरत्या त्याच्या हद्दीत, कोंबडीच्या अंड्याएवढा ओपल. आवाजाने तिकडेच ढकलला होता ना. दूशानने तो उचलला, जिभेने चाटला, उजेडात धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो लेफ्तेरीशी बोलला.

“आभारी आहे, शेजारी.”

याहून घाणेरडी शिवी मी ऐकलेली नाही.

इतक्यात कालिओपी दारात आली. तिने जळक्या स्पीकरांचा वास घेतला. टोपी काढली नाही. सरळ फ्रिजपाशी गेली आणि मला काखेत घेतलं.

लेफ्तेरीचा आवाज एकदम वीस वॅटवर आला. “कुठे निघालीस? अ‍ॅडलेडला?”

“एवढ्या लांब कशाला,” ती म्हणाली, आणि भगदाडातून पलीकडे गेली.

पलीकडे मिलेनाने खुर्ची पुढे सरकवली. तिच्याकडे माणसाच्या कमरेएवढे दोन जुने स्पीकर होते, अ‍ॅम्प्लिफायर मेल्यापासून मुके, वर प्लॅस्टिकची फुलं. अशा जुन्या स्पीकरांची जात थोड्या दमात मोकळेपणी गाणारी. त्यांना धटिंगण लागत नाही, माझ्यासारखा लागतो. मिलेनाने फुलं उचलली.

लेफ्तेरीने रागाने दुसऱ्याच दिवशी भगदाड बुजवलं, दोन फूट जाड सिमेंटने, स्वतःच्या हातांनी. कालिओपी बाराव्या दिवशी घरी परतली. मी नाही परतलो. आता ती रोज चार वाजता टेकडीला वळसा घालून इकडे येते. दोघी कॉफी घेऊन बसतात. दूशानला बसायची परवानगी आहे, बोलायची नाही.

तर मित्रांनो, पहिल्यांदा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला जाल तेव्हा खोली बघा, स्पीकर बघा, तुमचे कान किती लांब असणार ते बघा. शेजारी कोण आहे ते बघू नका. आणि घेतलात तर डोक्यावर कप ठेवू नका. आम्हाला श्वास घ्यायला वरचीच जागा असते. ऐकणार नाहीच तुम्ही, तरी सांगून ठेवतो.

पलीकडे चार वाजता खुर्ची सरकल्याचा आवाज होतो. लेफ्तेरी आपल्या सिमेंटला कान लावून बसतो. पाच मिनिटांनी भिंतीवर ठोकतो: जरा मोठा करा. माझं बटण तिसऱ्या आकड्यावर असतं. कालिओपी ते चौथ्यावर नेत नाही, आणि मीही कधी आग्रह केलेला नाही.