सेऊलमधला बुधवार

हव्वाबीने तय्यबच्या ताटात सुरमईचा दुसरा तुकडा वाढला आणि समोरच्या चटईवर ठाण मांडलं. नवऱ्याच्या बोटीवरचा माणूस आयता दारात आलाय. सगळं सांगितल्याशिवाय त्याला उठू द्यायचंच नाही, असा तिचा बेत होता. आत भावजय तांदूळ निवडत होती.

"आता बोला. हे कधी येणार?"

तय्यबने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"खैरुद्दीनभाई किती वाजता येतात?"

"असरच्या नमाजाला, चारच्या सुमाराला. खाडीवर लाँच लागलीय, माल उतरेपर्यंत सुटका नाही. माझ्या भावाशी तुमचं काय काम? आधी माझं उत्तर द्या."

काम होतं. तय्यब मातमपुरसीला, मयताच्या घरी सांत्वनाला आला होता. दुबईच्या देरात उतरून, घर विचारत विचारत दारात पोचला, तर हव्वाबीच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या! हिला कुणी काही सांगितलेलंच नाही. आणि कोकणातली रीत अशी, की असली बातमी आधी घरातल्या पुरुषाच्या कानावर घालायची, मग त्याने बाईला सांगायची. रीत पाडणाऱ्यांचं काय जातं! असरला अजून दोन तास होते.

"आम्ही राजवाडा बघितला, भाभी," तो एकदम म्हणाला. "कोरियात. सेऊल शहरात. बोट बंदरात होती, एक दिवसाची सुट्टी मिळाली. अजीज म्हणाला, चल, यल्ला."

"हे? राजवाडा बघायला?" हव्वाबीला हसू फुटलं. "इथे आले होते तेव्हा शेखांच्या किल्ल्याकडे मान वर करून बघितलं नाही. म्हणे, भिंत ती भिंत!"

"तिथे मात्र खूश होता. लाल खांब, छपराखाली हिरवी-निळी नक्षी. आत सिंहासन."

"आणि राजा?"

"राजा नाही आता. नुसतं सिंहासन आहे."

"अगंबाई," हव्वाबी म्हणाली. "मग जेवलात कुठे?"

"खानावळीत. मटणाला हात लावला नाही हां, अल्लाची कसम. भात, मासा आणि कोबीचं लालभडक लोणचं. अजीज म्हणतो, हव्वाला दिलं तर म्हणेल, मिरची कमी पडली." तय्यबही हसला, पण ते हसू लगेच मावळलं. "आणि तिथली जमीन गरम असते, भाभी. खाली कोळशाची धग खेळवतात, वर तेलकट कागद चिकटवलेला. बाहेर मरणाची थंडी आणि आत बसलं की झोपच यावी."

"बरं झालं. सर्दी झालीय म्हणून शेवटच्या पत्रात लिहिलं होतं त्यांनी."

"होती ना. म्हणूनच म्हणाला, मी इथेच जरा पडतो, तू म्युझियम बघून ये."

आणि तय्यब म्युझियमचं सांगत सुटला. सोन्याचा मुकुट, त्याला पानांसारख्या चकत्या लटकलेल्या. मातीचा घोडेस्वार. हिरवट रंगाच्या सुरया. एकेक कपाट उघडल्यासारखा तो सांगत होता, आणि मधूनमधून दाराकडे बघत होता. ताटातल्या माशाच्या सालनावर साय धरली.

"किती वेळ होतात तिथे?" हव्वाबीने विचारलं.

"बंद होईपर्यंत."

"आणि हे?"

तय्यबने पुन्हा दाराकडे बघितलं.

"माझ्या भावाची वाट बघू नका, भाई. मी काय लहान पोर नाही. सांगून टाका."

मग त्याने सांगितलं. जमिनीला कुठेतरी चीर होती. कोळशाच्या गॅसला वास नसतो. खानावळवालीला वाटलं, पाहुणा गाढ झोपलाय. तिने बिचारीने अंगावर आणखी एक गोधडी घातली. कंपनीने तार केली, पण कागदावर पत्ता गावचा. हव्वाबी भावाकडे दुबईला आल्यापासून त्या घराला कुलूप. बोट पुढे अमेरिकेला गेली, आणि तय्यबला वाटत राहिलं की तार पोचली असेल. लिहायला हातही धजत नव्हता.

"मी गेलो नसतो तर..." तो रडू लागला.

हव्वाबी रडली नाही. आतला सुपाचा आवाज थांबला होता.

"तारीख कुठली?"

"बुधवार होता. शाबानची बारावी."

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली. शाबान, रमजान, शव्वाल, जिल्काद, जिल्हज. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"तिसऱ्या दिवशी शबे-बरात होती," ती म्हणाली. "मी हलवा केला. सगळ्या मयतांची नावं घेऊन फातेहा दिली. ह्यांच्यासाठी मात्र लांब उमर मागितली. मग दोन्ही ईदला मेंदी लावली."

"तुम्हाला काय माहीत, भाभी!"

"नवरा गेला की बाईने इद्दतीला घरात बसायचं, ते दिवस मरणाच्या दिवसापासून धरतात ना? खबर कळेल तेव्हापासून नाही?"

"मरणाच्या दिवसापासूनच," तय्यब म्हणाला.

"चार महिने दहा दिवस. आज जिल्हजची चोवीस. म्हणजे परवाच संपली." तिने ओढणी डोक्यावर पुढे ओढली. "उद्या मी बाजारात गेले तरी कुणी अडवणार नाही. मग माझ्या माणसासाठी मी बसू कधी, भाई?"