मलाही सांगायचा नाही

ऑफिसात तिला सगळे कुलूपबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते तिला आवडायचंही. घरी पडून असलेल्या रुग्णांकडे नर्स पाठवणारी ती संस्था. तिथल्या कॉम्प्युटरची सगळी व्यवस्था हिच्या एकटीच्या गळ्यात. कुणाला कोणतं औषध द्यायचं, किती द्यायचं, औषधांची मागणी, हजेरी, ऑफिसचे फोन, सगळं क्लाउडवर, आणि प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. नर्सबायांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. टॅबच्या पाठीवर चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर पासवर्ड लिहायचे. एका सिस्टरने तर सोय म्हणून मैत्रिणींचेही लिहून ठेवले होते. कुलूपबाईने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

तेव्हा तिने ठरवलं, की सगळ्याला मिळून एकच दार करायचं. सिंगल साइन-ऑन. एक नाव, एक पासवर्ड, दुसरी खूण म्हणून मोबाइलवर येणारा कोड, की आतली सगळी ॲप्स उघडी. मॅनेजरना यातलं ओ की ठो कळलं नाही, पण 'एकच' हा शब्द त्यांना स्वस्त वाटला आणि त्यांनी मान डोलावली.

आता एकच दार करणाऱ्याने एक मागचं दारही ठेवायचं असतं. तेवढं तिला कळत होतं. म्हणून तिने आणीबाणीसाठी एक खातं केलं. त्याचा पासवर्ड तिच्या डोक्यात, आणि कोड मोबाइलवर न घेता साध्या फोनवर. यंत्र फोन करतं, बाईच्या आवाजात सहा आकडे वाचून दाखवतं, ते टाकले की आत. मोबाइल हरवतो, फुटतो. ऑफिसचे फोन स्वतःच क्लाउडवर, म्हणजे दार अडलं की तेही अडणार. मग वर्षानुवर्षं जागचा न हललेला फोन कुठला? तिच्या घरचा, बाहेरच्या खोलीत बाबांच्या खुर्चीला लागून असलेला. तिने तो नंबर दिला. सुट्टीच्या दिवशी घरी बसून करूनही पाहिलं. फोन वाजला, तिने उचलला, आकडे टाकले, खातं उघडलं. स्वतःच्या हुशारीवर ती इतकी खूश झाली, की फोन आपणच उचलला होता हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

त्या फोनचं आणि बाबांचं एक जुनं दुखणं होतं. मागे कुणीतरी बँकेचा साहेब बनून बाबांकडून असाच एक कोड काढून घेतला होता आणि त्यांची सगळी पुंजी धुऊन नेली होती. त्या दिवशी ती बाबांना नको नको ते बोलली. "अक्कल गहाण टाकली होती का?" असंही बोलली.  बाबा नुसते खुर्चीत बसून राहिले आणि जेवायलाही उठले नाहीत.

पुढे त्यांचं विसरणं वाढलं. संध्याकाळी ती रोजच्यासारखी आली, किल्लीने दार उघडून पिशवी खुंटीला अडकवली आणि "मी आले हो बाबा" म्हणाली, की ते म्हणायचे, "ये, ठमे." अवेळी समोर आली तर मात्र कधी ओळखायचे, कधी विचारायचे, "कोण हवंय, बाई?"

तरी कोडची गोष्ट तिने त्यांच्याकडून घोटून घेतली होती, शाळेतले पाढे घोटून घेतात तशी. सकाळचा चहा पिताना विचारायचं. कुणी फोनवर आकडा विचारला तर? सांगायचा नाही. पोलिसांनी विचारला तर? सांगायचा नाही. मी विचारला तर? तुलाही सांगायचा नाही. चोर तुझा आवाज काढतील. एवढ्यावर ती थांबली नव्हती. अधूनमधून ऑफिसातून स्वतःच फोन करायची, लाडीगोडी लावायची, रडवेला आवाज काढायची. बाबा बधले नाहीत, की संध्याकाळी म्हणायची, "शाब्बास, बाबा." त्या एका शब्दासाठी म्हातारा दिवसभर फोनवर पहारा करायचा.

सोमवारी सकाळी नर्सबाया आपापल्या रुग्णांकडे पोचल्यावर तिने नवा नियम चालू केला. नोंदवलेल्या मोबाइलशिवाय, टॅबशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही. तो आधी एकट्या तिच्यापुरता लावून पाहायचा होता. बोट पडलं 'सर्वांसाठी' वर. आणि टॅब नोंदवायचं पान होतं त्याच दाराच्या आत. आत जायचं तर टॅब नोंदवलेला हवा, टॅब नोंदवायचा तर आत जायला हवं. तिच्या डोळ्यांदेखत पडद्यावरची ॲप्स एकेक करून बंद झाली आणि शेवटी तिचं स्वतःचं नावही बाहेर फेकलं गेलं.

मॅनेजर धावत आले. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायला सांगितलं, आणि ती नुसती बघत राहिली तेव्हा दुसऱ्यांदा तेच सांगितलं. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. पलीकडे संस्थेतली सगळ्यांत जुनी नर्स होती, सगळ्या तिला उंच सिस्टर म्हणत. ती शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घरी होती. बाईंचा आजार हाडांत उतरला होता, आणि त्यांचं दुखण्यावरचं औषध पलंगाशेजारी भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी पेटीत होतं. औषध जहाल, म्हणून ती पेटी टॅबवरूनच उघडायची. ही व्यवस्थाही कुलूपबाईचीच.

उंच सिस्टर कधी घाबरत नसे. आज ती हळू आवाजात म्हणाली, "पेटी उघडत नाहीये. मागचं औषध उतरलंय. ऐका."

तिने मोबाइल पलंगाकडे धरला असावा. कुलूपबाईने जे ऐकलं त्याला कण्हणं म्हणता येत नव्हतं. माणूस ओरडायचंही बळ उरलं नाही की असा आवाज काढतो.  तिने डॉक्टरांना विचारलं, तर दुसरं इंजेक्शन औषधभांडारातून मागवावं लागणार होतं, आणि ती मागणीही त्याच दाराच्या आत होती. माणूस पाठवून आणायचं तर दुपार उलटणार. सॉफ्टवेअर कंपनीला फोन केला, तर तिथल्या माणसाने अदबीने सांगितलं, की आपण ॲडमिन आहात हे आधी आपल्या खात्यात लॉगिन करून सिद्ध करा.

उरलं होतं मागचं दार. त्या खात्याला नवा नियम लागू नव्हता. तिने आणीबाणीच्या खात्याचा पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं, आपल्या फोनवर कॉल येत आहे. थोडं थांबून तिने घरी फोन लावला. बाबांना सकाळी न्हाऊमाखू घालून जाणाऱ्या मावशी निघून गेल्या होत्या. घरात ते एकटेच होते.

"बाबा, आत्ता फोनवर एक बाई आकडे बोलली ना? काय बोलली?"

"बोलली," बाबा आनंदाने म्हणाले. "नीट ऐकलेत. पण सांगणार नाही. झालो ना पास?"

ती म्हणाली, आज परीक्षा नाही, आज खरंच हवाय. बाबा हसले. मागच्या खेपेसही ती हेच म्हणाली होती. तिने समजावलं, चिडली, शेवटी तिला खरंखुरं रडू फुटलं. तेव्हा मात्र बाबांचा आवाज बदलला. आमची ठमी अशी रडत नाही, ते म्हणाले. ती कशी रडते ते मला ठाऊक आहे.

"आवाज मात्र हुबेहूब काढलाय हो तुम्ही," ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्यांदा यंत्राचा फोन गेला तो त्यांनी उचलून लगेच ठेवला, हे पडद्यावर दिसलं. तिसऱ्यांदा घंटा वाजत असल्याचं दिसत राहिलं आणि फोन मध्येच तुटला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. आता एकदाच प्रयत्न करता येईल. तो फसला तर खातं उद्यापर्यंत बंद. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यावा तर किती नेमका, हे तिला तेव्हा कळलं. तिने लॅपटॉप उचलला आणि टॅक्सी पकडली.

रस्त्यात उंच सिस्टरचा परत फोन आला. बाईंनी उशीचा कोपरा दातांत धरलाय, ती म्हणाली, आणि मला विचारतात, माझं काही चुकलं का, म्हणून औषध देत नाही? सिस्टरने त्यांना काय सांगावं?  कुलूपबाई टॅक्सीवाल्याला लवकर चला, लवकर चला, एवढंच म्हणत राहिली आणि तो सिग्नलकडे बोट दाखवत राहिला.

घराचं दार तिने किल्लीने उघडलं खरं, पण उघडलं ते धाडकन. खांद्यावर पिशवी नाही, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लोंबतंय, केस विस्कटलेले, श्वास लागलेला. बाबा खुर्चीत बसले होते. फोन त्यांनी मांडीवर घेतला होता आणि त्याची वायर भिंतीतून उपटून हाताला गुंडाळली होती.

"कोण हवंय, बाई?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मी. ठमी."

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी फोन पोटाशी ओढला. सकाळपासून तुमचेच फोन येतायत ना, ते म्हणाले. आता घरापर्यंत आलात. माझी मुलगी संध्याकाळी येते.

तिला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. तिने ओळखपत्रावरचा फोटो दाखवला. बाबा म्हणाले, असे फोटो कुणीही काढतं. तिने आईचं नाव सांगितलं, बाबांच्या गुडघ्यावरचा व्रण कशाचा ते सांगितलं. बाबा आणखीच घाबरले. परक्या बाईला एवढं सगळं ठाऊक म्हणजे टोळी मोठी असणार. तिचं जितकं बरोबर येत होतं, तितके ते भिंतीकडे सरकत होते. खिशातला मोबाइल सारखा थरथरत होता.

तिने वायरचं टोक त्यांच्या हातावरून सोडवून भिंतीत खुपसलं. लॅपटॉप जमिनीवर उघडला, पासवर्ड टाकला, शेवटचा प्रयत्न सुरू केला. बाबांच्या मांडीवरचा फोन वाजायला लागला. बाबांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर दाबून धरला.

"सोडा, बाबा. तिकडे एक बाई मरणाच्या वेदनांत आहे."

"तुमचं खरंही असेल," बाबा कळवळून म्हणाले. "पण मला मुलीने सांगितलंय."

घंटा वाजत होती. किती वाजल्यावर यंत्र फोन तोडतं ते तिला ठाऊक नव्हतं. तिने बाबांचं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना तिने हेच मनगट धरलेलं असायचं, तेव्हा ते तिच्या मुठीत मावत नसे. आता मावलं. तिने ते पिरगळलं. बाबांच्या तोंडून बारीक आवाज निघाला आणि हात सुटला. रिसीव्हर कानाला लावून, त्यांना पाठीने मागे रेटत, तिने एकेक आकडा टाकला.

खातं उघडलं. तिने नियम बंद केला, पुन्हा पुन्हा तपासलं. थोड्याच वेळात उंच सिस्टरचा फोन आला. दिलं, ती म्हणाली. उतार पडतोय. बाईंनी उशी सोडली. आणि मग कधी नव्हे ते सिस्टरच रडायला लागली.

कुलूपबाईच्या जिवात जीव आला आणि तिने मागे वळून पाहिलं. बाबा खुर्चीत नव्हते. ते खुर्ची आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जमिनीवर बसले होते, मनगट छातीशी धरून. ती जवळ गेली तेव्हा त्यांनी डोक्यावर हात घेतला.

"मिळालं ना तुम्हाला?" ते म्हणाले. "मग जा आता. एवढं करा, माझ्या मुलीला कळू देऊ नका. मागच्या वेळी ती फार बोलली होती हो."

तिने पुन्हा एकदा "बाबा, मीच" म्हणून पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. तिथे ती जितका वेळ उभी राहणार, तितका वेळ ते तसेच बसणार हे तिला दिसत होतं. म्हणून ती वळली. लॅपटॉप उचलला, आतल्या खोलीतून एक जुनी कापडी पिशवी घेतली, बाहेर पडली आणि दार हळूच ओढून घेतलं.

जिन्यात बसून ती पोटभर रडली. आजवर चार लोकांत कधी रडली नव्हती तशी. मग ओळखपत्र काढून पिशवीत टाकलं, ओढणीने तोंड पुसलं, केस बांधले. आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. आणखी थोडं थांबून तिने रोजच्यासारखी किल्ली फिरवली, पिशवी खुंटीला अडकवली.

"मी आले हो बाबा."

"ये, ठमे," बाबा म्हणाले. "आज लवकर?"

ते खुर्चीत बसले होते. फोन टेबलावर जागच्या जागी होता, रिसीव्हर सरळ ठेवलेला. ती त्यांच्या पायाशी बसली. मनगट हातात घ्यावं, आणि मीच होते ते, माझंच चुकलं, मागच्या वेळचंही चुकलं, असं सगळं सांगून टाकावं म्हणून तिने विचारलं, "बाबा, आज कुणी आलं होतं का? फोनवर कुणी आकडा विचारला?"

बाबांनी सदऱ्याची बाही हळूच खाली ओढली, पार बोटांपर्यंत.

"छे," ते म्हणाले. "कुणी नाही आलं. आणि विचारला असता, तरी मी सांगितला असता होय?"

आणि ते तिच्याकडे बघत राहिले, रोजचा तो शब्द ऐकायला.  तिची नजर त्या बाहीवरच अडकली होती, तेवढ्यात त्यांचा चेहरा भीतीने उतरायला लागला.

"शाब्बास, बाबा," ती म्हणाली.