विचारणाऱ्यांची खुर्ची

मित्रांनो, माझा एक पाय किंचित आखूड आहे. त्यामुळे माझ्यावर बसणारा माणूस आधी दचकतो आणि मग सावरतो. मी नगरपालिकेच्या माहिती कक्षातली लाकडी खुर्ची. मला घडवणाऱ्या सुताराने माझे हात, पाठ सगळं जीव ओतून केलं. घाई झाली ती फक्त शेवटच्या पायाला.

तरुणपणी मी विवाह नोंदणीच्या खोलीत होते. तिथे हसरी माणसं बसत. पाहुणे माझ्या पाठीवरच्या वेलबुट्टीचं कौतुक करत. पुढे कायदा आला, की सरकारी कामाची माहिती कोणीही मागू शकतो. मग मला कोपऱ्यातल्या या खोलीत आणलं. टेबलाच्या पलीकडे माहिती अधिकारी, अलीकडे मी. इथे माणसं माझ्या काठावरच टेकायची, न जाणो कोण कधी उठा म्हणेल! त्यांच्या तळहातांचा घाम माझ्या लाकडात मुरला आहे.

काही वर्षांनी एक नवे अधिकारी आले. उत्तर द्यायची मुदत चुकेल या धास्तीने त्यांचा डबा रोज अर्धा उरायचा. सगळे त्यांना मुदतसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण दारात सावली पडली तरी दचकायचा.

त्यांच्या नाकी नऊ आणले ते पुन्हाकाकांनी. काकांचं शेजाऱ्याशी कुंपणावरून वाजलेलं आणि शेजारी याच कचेरीत कारकून. त्याच्या हजेरीची सगळी माहिती काकांना मिळाली होती, तरी दर महिन्याला "पुन्हा आलो बरं का!" म्हणत ते तोच अर्ज पुढे करायचे.

त्याच सुमारास शिवणकाम करणारी एक बाई येऊ लागली. तिची मुलगी कालव्यावरच्या लोखंडी पुलावरून शाळेत जायची. बाईंचा प्रश्न एका ओळीचा: या पुलाची तपासणी शेवटची कधी झाली? माहिती कक्षाने लिहिलं, बांधकाम विभागाला विचारा. बांधकाम विभागाने लिहिलं, माहिती कक्षाला विचारा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उत्तर आलं, "याबाबत पूर्वीच कळवले आहे."

मोठे साहेब एकदा खोलीत डोकावले. "हे सगळे एकाच माळेचे मणी," ते म्हणाले. "तेच तेच विचारणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावा. आणि ही खुर्ची हलवा आधी! बसायला मिळालं की लोक विचारत बसतात."

झालं! माझी रवानगी बाहेरच्या बोळात, मोडक्या कपाटाशेजारी झाली. तिथून पुढचा मुक्काम भंगाराच्या खोलीत असतो, हे मला ठाऊक होतं. शिपायाचं पाऊल वाजलं की माझ्या सांध्यांत कळ यायची.

एके दुपारी शिवणवाल्या बाई आल्या आणि बोळातच माझ्यावर टेकल्या. तेवढ्यात मुदतसाहेब पाणी प्यायला बाहेर आले, त्यांना पाहून तसेच मागे वळले.

"साहेब, पळू नका हो. भांडायला नाही आले मी."

"बाई, तुम्ही चौथ्यांदा तेच विचारताय."

"उत्तर मिळालं नाही म्हणून तेच विचारते. मुलगी घरी आली की मी तिला रोज विचारते, नीट आलीस ना गं? ती कधी म्हणत नाही, की काल सांगितलं होतं ना."

साहेब हळूच म्हणाले, "हलतो का हो पूल?"

"मुलं मधोमध आली की खाली दबतो. त्यांना मजा वाटते, उड्या मारतात वर."

मित्रांनो, त्या दिवशी मुदतसाहेबांनी मला स्वतः उचलून आत नेलं. बाईंना बसवलं. त्यांचे सगळे अर्ज आणि सगळी उत्तरं शेजारी शेजारी मांडली. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. उत्तरं तीन होती, पण त्यांत उत्तर एकही नव्हतं.

ते तडक बांधकाम विभागात गेले आणि तिथल्या अभियंत्याला घेऊनच परतले. "तपासणी म्हणजे... तशी झालेली नाही," अभियंता पुटपुटला. "पूल बांधल्यापासूनच नाही." साहेबांनी तेच जसंच्या तसं कागदावर उतरवलं.

मोठे साहेब धावत आले. "असं लेखी देतात का? झाकली मूठ सवा लाखाची!"

"मूठ झाकलेलीच राहिली आणि पूल पडला तर?" मुदतसाहेबांनी पेन उचललं. "सही माझी आहे साहेब. मी देतोय."

त्या लेखी उत्तरामुळे आठवड्याच्या आत पूल बंद झाला. तपासायला आलेल्या माणसाने आधाराच्या गंजलेल्या खांबाला स्क्रूड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. मुलांना लांबच्या वाटेने जावं लागलं, त्यांनी कुरकुर केली. करू देत.

आणि पुन्हाकाका? त्यांनाही साहेबांनी माझ्यावर बसवलं, अर्ज शेवटपर्यंत वाचला. "काका, या चार प्रश्नांची उत्तरं तुम्हाला पूर्ण मिळाली आहेत. तीच पुन्हा देणार नाही, आणि का नाही ते लेखी देतो. पटलं नाही तर वर अपील करा, कुठे ते खाली लिहिलंय. हा पाचवा प्रश्न मात्र नवा आहे. त्याचं उत्तर मिळेल."

काकांनी माझ्या हातावर मूठ आपटली, अपील केलं, हरले, आणि पुढच्या महिन्यात हजर! जित्याची खोड. पण साहेब आता त्यांना पाहून दचकत नसत.

काल मुदतसाहेबांची बदली झाली. रात्रभर माझा जीव टांगणीला लागला होता.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंच कोणीतरी टेबलाच्या पलीकडे बसेल. तोच चेहरा, तोच अर्ज समोर येईल, कपाळाला आठी पडेल. तेव्हा माणसाला नावं ठेवण्याआधी त्याचा प्रश्न वाचा, आणि मग आपण दिलेलं उत्तर वाचा. पूर्ण दिलं असेल तर तसं स्वच्छ सांगा. दिलं नसेल, तर चौथ्यांदा विचारणारा माणूस तुमचा शत्रू नव्हे. तो अजून तुमच्यावर विश्वास ठेवून आहे.

सकाळ झाली आहे. नवे साहेब टेबलामागे बसले आहेत. दारात एक म्हातारे गृहस्थ घडी घातलेला अर्ज घेऊन उभे आहेत, आत यावं की नाही या विचारात. साहेबांनी मान वर केली. मी श्वास रोखून एकाच शब्दाची वाट पाहते आहे: "बसा."