मागची खोली

ही गोष्ट २०२२ सालची. जानेवारीत सुरू झाली आणि एप्रिलमध्ये शाळा उघडायच्या आत संपलीसुद्धा. तिचं मूळ मात्र सतरा वर्षं मागे होतं, आणि ते सुमित्राबाई टिपणीसांना ठाऊक होतं. फक्त आठवायला हवं तेव्हा आठवलं नाही.

गाझियाबादच्या एका वसाहतीत त्यांचं घर होतं. एकावर एक चार घरं असलेला ब्लॉक. तळमजला, मग पहिला, आणि दुसऱ्यावर टिपणीस. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, पुढे-मागे एकेक बाल्कनी. १९९८ साली सोडतीत हा फ्लॅट लागला तेव्हा ते आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी सुमित्राबाईंचा हात अडखळायचा, भिंत सरकारची. निवृत्त होईपर्यंत क्वार्टर सोडू नका, असं सगळ्यांनी गुणवंतरावांना सांगितलं होतं. सुमित्राबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. गुणवंतराव मग पुढची अकरा वर्षं चार्टर्ड बसने रोज दिल्लीला जाऊन येत राहिले.

नव्या घरात शिरल्या शिरल्या अकरा वर्षांचा प्रतीक रिकाम्या हॉलमध्ये मोठ्यांदा ओरडला आणि घराने त्याला ओ दिली. "एवढ्या मोठ्या घराचं तिघांनी करायचं काय?" असं म्हणून सुमित्राबाई हसल्या होत्या. दुसरी खोली त्यांनी पुढे दोन वर्षं बंदच ठेवली. उगाच केर कशाला काढायचा!

आता त्या घरात सहा माणसं होती. दोघं म्हातारी, प्रतीक, त्याची बायको उत्तरा, नऊ वर्षांची रसिका आणि तीन वर्षांचा राघव. रोगाची साथ पुन्हा डोकं वर काढत होती. प्रतीक आणि उत्तराचं ऑफिस घरात आलं होतं, रसिकाची शाळाही घरात आली होती, आणि घर होतं तेवढंच होतं. प्रतीक आतल्या खोलीत दार लावून बसायचा. रसिका दुसऱ्या खोलीत आजोबांच्या पलंगावर. राहिली उत्तरा. ती मागच्या बाल्कनीत कपडे धुण्याच्या मशीनवर लॅपटॉप ठेवून, अंगावर शाल घेऊन, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायची. त्यामुळे मशीन लावायचं ते रात्री आठनंतर, आणि जानेवारीच्या धुक्यात कपडे तीन-तीन दिवस वाळायचे नाहीत.

एका दुपारी ती लॅपटॉप मिटून तरातरा आत आली.

"बाबा, मी क्लायंटसमोर बोलत होते आणि तुम्ही मागून विचारलंत, 'अगं, माझा पायजमा वाळला का?' बारा लोकांनी ऐकलं."

"त्यांना मराठी कुठे येतंय?" गुणवंतराव म्हणाले.

"त्यातले चार पुण्याचे आहेत!"

प्रतीक हसला. उत्तरा हसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन सासूला म्हणाली, "आई, चिडून बोलत नाहीये. पण एप्रिलमध्ये रसिकाची शाळा उघडेल. त्याच्या आत या घरात एक खोली वाढली तर ठीक, नाहीतर आम्ही नोएडा एक्स्टेन्शनला घर बघतो. तीन बेडरूमचं."

"यार उत्तरा, थोडं अ‍ॅडजस्ट…" प्रतीकने तोंड घातलं.

"तू बस ना मशीनवर. बिल्कुल अ‍ॅडजस्ट कर."

सुमित्राबाई कणीक मळत होत्या, त्या मळतच राहिल्या. राघव रोज सकाळी त्यांच्या कुशीत येऊन दूध प्यायचा. तो कुठल्यातरी विसाव्या मजल्यावर राहायला गेला, की महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा येणार. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली, आयुष्यभर एक घर एक घर म्हणून धडपडलो, आणि ते घर अपुरं म्हणून पोरं निघून जाणार? त्यांना सगळ्यांचाच राग आला. उत्तराचा आला, प्रतीकच्या नेभळटपणाचा आला, आणि सगळ्यात जास्त, गुणवंतरावांच्या, भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या दोन लोखंडी कपाटांचा आला. नोकरी सुटून तेरा वर्षं झाली, पण आलेल्या-गेलेल्या प्रत्येक कागदाची प्रत त्यांत तारीखवार लावलेली होती.

"हे आधी माळ्यावर टाका," त्या म्हणाल्या.

"आजी, माळा क्या होता है?" रसिकाने विचारलं.

त्या घराला माळाही नव्हता.

एक वाट होती. वसाहतीतल्या कितीतरी ब्लॉकांनी मागच्या अंगाला एकेक खोली वाढवली होती. पण ती एकट्याने वाढवता येत नाही. तळमजल्याने बांधली तर तिच्यावर पहिल्याची, पहिल्यावर दुसऱ्याची. दुसऱ्या मजल्याची खोली काही हवेत उभी राहत नाही. चौघांनी मिळून बांधायचं, आणि आधी चौघांनी वसाहतीच्या समितीला सह्या द्यायच्या. पहिल्या मजल्यावरचा विक्रांत सैनी नुकताच लग्न झालेला. तो म्हणाला, "आंटी, मैं तो रेडी हूँ।" तिसऱ्या मजल्यावरचे मिश्राजीही तयार झाले. राहिल्या तळमजल्यावरच्या हेमलता त्यागी.

हेमलताबाई विधवा. दोन्ही मुलगे बाहेरगावी, मुलगी सासरी, घरात एकट्या. त्यांना खोलीची गरज नव्हती, उलट मागच्या परसातलं त्यांचं लिंबाचं झाड जाणार होतं. सुमित्राबाई त्यांच्याकडे गेल्या त्या हातात पातेलं घेऊनच. हेमलताबाई उन्हात मटार सोलत बसल्या होत्या, सुमित्राबाईही शेजारी बसून सोलायला लागल्या. एवढ्या वर्षांत असे किती मटार दोघींनी मिळून सोलले असतील! निम्मं पातेलं भरल्यावर सुमित्राबाईंनी विषय काढला.

हेमलताबाई थोडा वेळ झाडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बना लो दीदी। मेरा क्या है, बच्चे साथ रहें, इससे बड़ी बात नहीं। काग़ज़ भेज देना, मैं साइन कर दूँगी।"

सुमित्राबाई जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढल्या म्हणायला हरकत नाही. गुडघे दुखत होते, तरी.

"अहो, लिहा कागद," त्या म्हणाल्या. "साधं दोन ओळींचं लिहा. आत्ताच्या आत्ता."

पण गुणवंतरावांना साधं दोन ओळींचं लिहिता आलं असतं तर आणखी काय हवं होतं? छत्तीस वर्षं सरकारी फायली हाताळलेला माणूस. त्यांनी टेबल पुसलं, पेनात शाई भरली, कपाट उघडलं. तासाभराने कागद तयार झाला, पाकीट डकवलं गेलं आणि रसिका ते खाली देऊन आली. सुमित्राबाईंनी तो कागद वाचला नाही. त्या फोडणीत होत्या. शिवाय नवऱ्याचं अक्षर सुवाच्य असतं, एवढी खात्री त्यांना पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. हेमलताबाई दारात उभ्या होत्या. त्या कधी वर येत नसत. त्यांचेही गुडघे तसलेच. धाप लागली होती आणि हातात दोन कागद होते.

"दीदी, ये क्या है?"

पहिल्या कागदावर गुणवंतरावांच्या सुरेख हिंदी अक्षरात लिहिलं होतं: 'विषय: पीछे की ओर एक कमरे के निर्माण हेतु अनापत्ति।' आणि त्याच्या खाली: 'संदर्भ: हमारा पत्र दिनांक 2 मार्च 2005, जिसके द्वारा हमने आपके निर्माण पर आपत्ति प्रकट की थी। प्रति संलग्न।'

दुसरा कागद म्हणजे त्या जुन्या हरकतीच्या पत्राची प्रत.

सुमित्राबाईंना सगळं एकदम आठवलं. २००५ साली हेमलताबाईंच्या घरात तीन मुलं होती, नवरा होता, आणि अंथरुणाला खिळलेली सासू होती. त्यांनी मागे खोली बांधायची परवानगी मागितली होती. पहिल्या मजल्यावरचे तयार होते. त्या वर्षी प्रतीकची बारावीची परीक्षा होती. "दिवसभर हातोडे चालले तर पोरगं अभ्यास कसा करेल?" असं सुमित्राबाईच म्हणाल्या होत्या. "आणि आपल्या खिडकीखाली गच्ची झाली तर चोर चढतील. आपल्याला कुठे खोली हवीय? द्या लिहून." गुणवंतरावांनी समितीला लिहून दिलं. परीक्षा झाली, निकाल लागला, पेढेही वाटले. हरकत मागे घ्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

"मुझे समिति वालों ने इतना ही बताया था, ऊपर से आपत्ति आई है," हेमलताबाई म्हणाल्या. "पानी की टंकी पर मिश्राजी से झगड़ा हुआ था ना, मैंने समझा उन्होंने की। सत्रह साल, दीदी। सत्रह साल मैंने उनकी पत्नी की नमस्ते का जवाब नहीं दिया। उनकी बेटी की शादी में नहीं गई।"

गुणवंतराव वर्तमानपत्र बाजूला ठेवून उभे राहिले. "बहनजी, वो तो सिर्फ़ संदर्भ के लिए…"

"आप रहने दीजिए भाईसाहब। मैं इनसे पूछ रही हूँ।"

सुमित्राबाईंना वाटलं, म्हणावं, लिहिलं यांनी, मला काय माहीत! शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मागे दारात प्रतीक उभा होता, उत्तरा उभी होती, आणि समोर ही बाई धापा टाकत उभी होती.

"मैंने ही कहा था," त्या म्हणाल्या. "प्रतीक का बोर्ड था।"

"माँजी की खाट मैंने रसोई में डाली थी, आपको पता है? चूल्हे से दो हाथ पर। वहीं गईं वो। आप अफ़सोस करने आई थीं, आपने देखी थी खाट।"

"देखी थी।"

हेमलताबाईंनी दोन्ही कागद नीट घडी घालून टेबलावर ठेवले. त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या, आणि सुमित्राबाईंना त्यांची प्रत्येक पायरी ऐकू आली.

मग घरात जे व्हायचं ते झालं.

"बाबा, मागचं पत्र जोडायची काय गरज होती?" प्रतीक ओरडला. "कुणी आपल्याच पायावर असा धोंडा पाडून घेतं का?"

"संदर्भाशिवाय पत्र कसं लिहायचं?" गुणवंतराव कळवळून म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "त्याच विषयावर आधी पत्रव्यवहार झालेला असेल तर उल्लेख करावाच लागतो. उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार होतं, अहो, कोण?" सुमित्राबाईंनी हातातलं उलथनं ओट्यावर आपटलं. "तिला माहीतच नव्हतं!"

उत्तराला हसू आलं. ते थांबेना, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माझी खोली कुणी अडवली? याच्या बारावीने!" ती म्हणाली. "आणि मार्क किती पडले होते रे तुला?"

"एकाहत्तर टक्के," प्रतीक खाली बघत म्हणाला.

सुमित्राबाई त्यानंतर दोनदा खाली गेल्या. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, चहा मिळाला, पण खोलीचं नाव निघालं नाही, आणि ते काढायला सुमित्राबाईंना तोंड नव्हतं. परसात लिंबाला फुलं आली होती. हेमलताबाई एवढंच म्हणाल्या, "अब ये धूप नहीं छोड़ूँगी, दीदी।" मटाराचा मोसम तोवर संपला होता.

मार्चच्या शेवटच्या रविवारी टेम्पो आला. राघवला टेम्पोत पुढे बसायला मिळालं म्हणून तो खुशीत होता. त्याने आजीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

प्रतीक आणि उत्तरा नोएडा एक्स्टेन्शनच्या त्या घरात अजून आहेत, अठराव्या मजल्यावर. उत्तराला स्वतःची खोली आहे, टेबल आहे, फिरती खुर्ची आहे. मात्र ऑफिसने तिला वर्षभरात आठवड्यातले चार दिवस बोलवायला सुरुवात केली, म्हणून त्या खोलीत आता इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. रसिका तेरा वर्षांची झाली. ती फोनवर आजीशी हिंदीत बोलते. राघव शाळेत जातो आणि दूध पीत नाही.

हेमलताबाई प्रतीकने घर सोडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मिश्राबाईंकडे तासभर बसल्या आणि दोघी खूप रडल्या, असं विक्रांतच्या बायकोने सांगितलं. पुढच्या वर्षी थोरला मुलगा त्यांना डेहराडूनला घेऊन गेला. जाताना त्यांनी सुमित्राबाईंना लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. घर विकलं.

ते घेतलं एका तरुण जोडप्याने. जुळी मुलं, बरोबर आईवडील. सहाव्या महिन्यात त्यातला नवरा, तसा पोरगाच, कागद घेऊन वर आला: मागे एक खोली बांधायची आहे, आपली हरकत तर नाही ना? गुणवंतराव चष्मा शोधत कपाटाकडे निघाले होते. सुमित्राबाईंनी त्यांना हाताने मागे सारलं, त्या मुलाच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि उभ्या उभ्या, न वाचता सही केली. "अहो, पण प्रत?" गुणवंतराव म्हणाले. "नकोय प्रत!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या, की तो मुलगा दचकला.

लिंबाचं झाड तोडलं गेलं. चार महिने हातोडे चालले. खालच्या घराची झाली, त्यावर विक्रांतची झाली, मग टिपणीसांचीही झाली, कारण मधला मजला मोकळा ठेवून मिश्राजींना बांधता येत नव्हतं.

आता सुमित्राबाईंच्या घरात तीन खोल्या आहेत आणि दोन माणसं. मागच्या खोलीत गुणवंतरावांनी दोन्ही कपाटं नेऊन ठेवली आणि तिसरं आणलं. सुमित्राबाई तिचं दार बंद ठेवतात. उगाच केर कशाला काढायचा!