एमिल ह्राबोव्स्की मॅटवर उतरतो

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या डोंगराळ गावात फुटबॉलपेक्षा कुस्तीला गर्दी जास्त. एमिल ह्राबोव्स्की शाळेत असताना जिल्ह्यात पहिला आला होता. पण विशीत, तलावाकाठी गाडीत बसलेला असताना, पोलिसांना त्याच्या खिशात चिमूटभर गांजा सापडला. त्याच्या नावावर गुन्हा नोंदला गेला तो कायमचा. शाळेने त्याला प्रशिक्षक म्हणून कधी घेतलं नाही. स्वतःचा मुलगा खेळायचा, तेव्हाही एमिल प्रेक्षकांत बसूनच घसा फोडायचा.

राज्याकडून माफी मिळायची, पण त्यासाठी वकील गाठा, राजधानीला खेटे घाला, वर्षानुवर्षं वाट बघा. एमिलने नाद सोडला आणि गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करत राहिला.

मग नियम सैल झाले. त्याची बायको व्हर्ना वाचनालयातून ती बातमी घेऊनच घरी आली.

"आता घरबसल्या अर्ज करता येतो. वकीलही लागत नाही."

"मी कुणाचं काय घोडं मारलंय, म्हणून माफी मागू?" एमिल फुरंगटला.

"नको मागूस. बस इथेच, टीव्हीतल्या पंचांना शिव्या घालत. त्यांना ऐकू जातंय ना!"

एमिलने टीव्हीचा आवाज वाढवला. रात्री जेवताना मात्र पुटपुटला, "नवा कोच पोरांना पाय कसा धरायचा, तेसुद्धा शिकवत नाही."

"मग तू शिकव."

त्याने ताटली बाजूला सारली. "आण तो कॉम्प्युटर."

माफी कशासाठी हवी, या प्रश्नापाशी तो अडला. डोकं खाजवून म्हणाला, "लिही, पोरांना कुस्ती शिकवायचीय."

थंडी सुरू होता होता मंजुरी आली. व्हर्नाने गॅरेजमध्ये फोन केला, तर पलीकडे पाना खाली पडल्याचा खणखणाट झाला.

"अरे, आहेस का?"

"आहे," एमिल म्हणाला. "शाळेचा नंबर दे."

या वेळी शाळेने त्याला नव्या कोचच्या मदतीला घेतलं, आणि पहिल्या सरावाला व्हर्नाही गेली. एक दांडगी मुलगी एमिलला म्हणाली, "कोच, करून दाखवा ना."

त्याने गुडघा टेकला, तिचा पाय धरला आणि तिला अलगद मॅटवर लोळवलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग एमिलला उठता येईना. दोघांनी हात देऊन उभं केलं. व्हर्नाची हसून हसून पुरेवाट झाली.

"गुडघा ठणकतोय," परतताना तो म्हणाला.

"मग उद्या जाऊ नकोस."

"वेडी आहेस का? त्या पोरीची पकड अजून कच्ची आहे!"